ओव्हरटाइमचे पैसे

पेढे मी आदल्या दिवशीच आणून ठेवलेते. अर्धा किलो, मलईचे. बँकेत साहेबाला, कॅशियरला, शिपायाला, दारातल्या बंदूकवाल्याला एकेक द्यायचा आणि घराची कागदं छातीशी धरून भाईर पडायचं, असं माझं ठरलंतं. पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीती. बारा वर्सं झाली, जयंतीला मी तीच साडी नेसते.

"तू कशाला येतीस? मी जाऊन येतो की," आमचे मालक म्हणाले.

"का? घर काय तुमच्या एकट्याचं हाय? चौदा वर्सं तुम्हीच जाताय. आज मी येणार."

ह्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं, रिटायर होऊन पंधरा दिवस झाल्यात, घरात बसून कावलाय माणूस. म्हणून मी पण जास्त काय बोलले न्हाय.

थांबा, आधी सगळं नीट सांगते. न्हायतर तुम्हाला वाटंल, ही बाई एवढी का तापलीया.

मी सोनूबाई अण्णासो कांबळे, ऱ्हाणार उचगाव. घरात साड्यांना फॉल-पिको करून देते. मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तेवीस वर्सं कामाला हुते. पंचतारांकित ऐकून माझी आई गावभर सांगत सुटलीती की जावयाला हॉटेलात नोकरी लागली. कसलं हॉटेल! वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. तेवीस वर्सं त्या धगीपुढं उभं ऱ्हायला माणूस.

आमचं लग्न झालं त्र्याण्णव साली. तवा कोल्हापुरात खोली बघत फिरलो. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, घरमालकीण चहा टाकते म्हणायची. मग इचारायची, आडनाव काय? कांबळे म्हटलं की चहा तिथंच ऱ्हायचा आणि खोली कालच दुसऱ्याला दिल्याली असायची. अशी सात घरं झाली. सातव्या घरातनं भाईर पडल्यावर मी रस्त्यातच मोठ्यानं बोलले, "एक दिस माझ्या स्वतःच्या दाराला ह्याच आडनावाची पाटी लावीन, मग बघते कोण काय इचारतंय!"

"हळू बोल की," मालक म्हणाले.

"हळू का? मी काय चोरी केलीया?"

आठवी खोली टेंबलाई नाक्याजवळ मिळाली. केरबा म्हणून एक जण हुता, त्याचे वडील घरमालक. त्यांनी एकच इचारलं, "भाडं म्हैन्याच्या म्हैन्याला देशील न्हवं?" व्हय म्हटलं. किल्ली हातात दिली. पत्र्याची एकच खोली, आणि समोर केरबाचं सायकलीचं दुकान. तिथं आम्ही अठरा वर्सं काढली. आमची संघप्रिया तिथंच जन्मली, तिथंच शिकली.

त्या खोलीची आठवण आली की मला पहिली ती तार दिसते. दाराच्या चौकटीपासनं खिडकीपर्यंत मी एक तार बांधलीती आणि तिच्यावर लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं चिमट्यानं लावलीती. एक भाड्याचं, एक किराणाचं, एक रॉकेलचं, एक दवाखान्याचं. रॉकेलच्या पाकिटावर कुणा चि. विलास आणि चि. सौ. कां. मंगलची नावं छापल्याली. म्हैनाअखेरीला मालक इचारायचे, "विलास-मंगलकडं किती ऱ्हायलंय?" मी म्हणायची, "वीस रुपये. दोघं भांडाय लागल्यात."

पगाराच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं खाली बसून पैसे वाटायचो. ते एकेक नोट सरळ करून द्यायचे, मी पाकिटात घालायची. एखाद्या म्हैन्यात शेवटच्या पाकिटापर्यंत पैसाच पोचायचा न्हाय. मग हसायचो, न्हायतर भांडायचो. ते शेवटचं पाकीट सगळ्यात मोठं हुतं, सोनेरी काठाचं, आणि त्यावर संघप्रियानं पेनानं लिवलंतं, "घर". खरं सांगते, तसं सुख मला मग स्लॅबच्या घरात आल्यावर मिळालं न्हाय. पैसा नव्हता, पण दोघांची डोस्की एका जागी हुती.

दोन हजार अकरा साली ते पाकीट, माझ्या आईचे दोन डाग आणि ह्यांच्या पीएफमधलं थोडं असं मिळून उचगावात दोन खोल्यांचं घर घेतलं. बाकीचं बँकेचं कर्ज. हप्ता पाच हजार चारशे, मुदत अठरा वर्सं. दाराला पाटी लावली त्या दिवशी मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून चहा पाजला. पण घराची कागदं बँकेत अडकल्याली. कागद दुसऱ्याच्या कपाटात असंल तर घर आपलं कसलं? माझ्या मनात ती खुटखुट ऱ्हायलीच.

तवाचे बँकेतले साहेब म्हणालेते, "दरवर्षी जमेल तेवढं मुद्दलात जादा भरा. मुदत कमी होईल. रिटायर व्हायच्या आत मोकळे व्हाल." ते 'मोकळे' माझ्या डोस्क्यात पक्कं बसलं. कारण फौंड्रीची पेन्शन म्हंजे काय सरकारी न्हवं. चार हजाराच्या आतबाहेर. त्यात पाच हजार चारशेचा हप्ता कुठनं भरायचा? म्हणजे शेवटच्या पगाराच्या आत कर्ज फिटलंच पायजे. न्हायतर ती सात दारं परत माझ्यापुढं उभी.

मग मी तारेवर आणखी एक पाकीट लावलं. नव्या घरात पण तार लावलीती, सवय कुठं जाती. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, आमच्यात नवीन कपडे घेत्यात. एकवेळ दिवाळीला घेणार न्हाईत, पण जयंतीला घेणारच. मी ठरवलं, पोरीला घ्यायचं आणि आमच्या दोघांच्या कपड्यांचं पैसे त्या पाकिटात. वर्सभर त्यात भिशीचं टाकायचं, पिकोतलं टाकायचं आणि ह्यांचा ओव्हरटाइम टाकायचा. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी मालक ते पाकीट घेऊन बँकेत जायचे. कधी आठ हजार, कधी बारा, एकदा तर चौदा. लॉकडाऊनचं एक साल सोडलं तर खंड न्हाय. माझ्या हिशोबानं ह्यांच्या शेवटच्या पगाराबरोबर कर्ज फिटणार हुतं.

आणि चार वर्सांपासनं तर ह्यांचा ओव्हरटाइम रोजचाच झालाता. सुट्टी साडेतीनला, हे घरात यायचे आठला. आधी अंगाला राखेचा वास यायचा, आता हात ग्रीसनं काळेकुट्ट. "नवीन मशीन आलंय," म्हणाले. ते ग्रीस म्हंजे नुसती आबदा. साबणानं निघंना, सोड्यानं निघंना. मी पाणी तापवून त्यांचे हात घासून द्यायची, ताट वाढायची आणि जेवण झालं की पाय चेपून द्यायची. चार तास जादा उभं ऱ्हायलाय माणूस म्हणून. ओव्हरटाइमचे म्हैन्याला हजार यायचे. पुढच्या साली बाराशे झाले, मग चौदाशे, मग सोळाशे पन्नास. दरसाली वाढ! मी शेजारणींना सांगायची, कंपनी असावी तर अशी.

तर आता बँकेत चला.

काउंटरवर शिवानी मॅडम म्हणून पोरगी हुती, आमच्या संघप्रियाच्या वयाची. मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "कर्ज फिटलंय. कागदं द्या."

तिनं नंबर घातला, बघितलं, परत बघितलं. "काकू, अजून साडेतीन वर्षं आहेत. एक लाख बत्तीस हजार बाकी आहे."

"मॅडम, दुसऱ्याचं खातं बघताय तुम्ही. कोल्हापुरात कांबळे लई हायत."

"अण्णासो कांबळे, उचगाव. हेच ना?" तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "चार वर्षांपूर्वी काकांनी अर्ज दिलाय. जादा भरून तुमची मुदत कमी झाली होती, ती परत मूळची करून त्यांनी हप्ता कमी करून घेतला. नंतर दरवर्षी जे भरलं, तेही हप्त्यातूनच कमी करायला सांगितलं. आता हप्ता तीन हजार सातशे पन्नास आहे."

मी वळून मालकांकडं बघितलं. हे भिंतीवरची मोटारकर्जाची जाहिरात वाचत हुते. आयुष्यात कधी सायकल सोडून दुसरं वाहन घेतलं न्हाय ह्या माणसानं.

मी बॉक्स उचलला. कुणाला एक पेढा दिला न्हाय. दारातला बंदूकवाला बॉक्सकडं बघत ऱ्हायला, तरी न्हाय.

बसमध्ये मी खिडकीजवळ बसले आणि मनात वजाबाकी केली. सातवीच शिकलीया, पण एवढं येतं. पाच हजार चारशेतनं तीन हजार सातशे पन्नास गेले, ऱ्हायले सोळाशे पन्नास. सोळाशे पन्नास! हप्ता पगारातनं बँकेतच कापून जायचा, उरलेला पगार हे हातात आणून द्यायचे. पगाराची चिठ्ठी मी कधी बघितली न्हाय, तिथंच फसले. म्हंजे माझंच जयंतीचं पाकीट बँकेत जायचं, तिथनं ओव्हरटाइम होऊन माझ्या हातात यायचं आणि मी ते परत जयंतीच्या पाकिटात घालायची. वर आणि शेजारणींना कौतुक सांगायची. नादखुळा कारभार!

घरात शिरले आणि दार लावून घेतलं.

"बोला. ओव्हरटाइम कधी बंद झाला?"

"चार वर्सं झाली," हे म्हणाले. खाली बसले. "कंपनीच्या डॉक्टरनं फोटो काढलाता. छातीत धूळ बसलीया म्हणाला. धगीपुढं जादा वेळ उभं ऱ्हायचं न्हाय म्हणून ओव्हरटाइम बंद केला."

"आणि मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू मला कामावर जाऊ दिलं असतंस?"

"न्हाय!"

"मग? तवा सोडलं असतं तर पेन्शन आणि कमी बसली असती. अठ्ठावन्न पूर्ण करायचीच हुती. आणि ओव्हरटाइम बंद झाला म्हटलं असतं तर तू जयंतीचं पाकीट बंद केलं असतंस. तू वर्सभर त्या पाकिटाकडं बघून जगतीस, सोनू. मला ते बघवलं नसतं."

"आणि माझे हात? चार वर्सं पाय चेपलं मी तुमचं! कशाचं चेपलं?"

मग मी तोंड बंद केलं. आठ दिवस एक अक्षर बोलले न्हाय. भाकरी ताटात आपटायची आणि मशीनवर जाऊन बसायची. पेढ्याचा बॉक्स फडताळात तसाच ठेवलाता. तिसऱ्या दिवशी बघितलं तर चार पेढे कमी. बोलायचं न्हाय ठरवल्यालं, त्यामुळं इचारता पण येईना.

संघप्रिया गडहिंग्लजला दवाखान्यात नर्स हाय. तिचा फोन आला. "आई, पीएफचे अडीच लाख पोस्टात ठेवलेत न्हवं? त्यातनं फेडून टाक की. मिटव." मालकांनी पण एका सकाळी माझ्यापुढं पोस्टाचं पासबुक ठेवलं. "एकदाचा कंडका पाडू. कागदं आण घरात. तुझं एवढंच मागणं हुतं आयुष्यात."

मी पासबुक उचललं. खोटं कशाला सांगू, मन लई झालं. कागदं हातात घ्यायची, वास घ्यायचा, कपाटात साडीखाली ठेवायची. बत्तीस वर्सं मी त्याचीच वाट बघितलीया.

पण एक गोष्ट मला टोचत हुती. रिटायर झाला तरी हा माणूस रोज साडेतीनला चपला घालून भाईर पडत हुता आणि आठलाच येत हुता. नवव्या दिवशी मी मशीन बंद केलं आणि टेंबलाई नाक्याची रिक्षा पकडली. दुसरीकडं कुठं जाणार हा, मला म्हाईत हुतं.

केरबा दुकानात चाकाचे आरे सरळ करत बसलाता. डोकं पांढरं झालंय, पण दुकान तसंच. माझ्याकडं बघून उठला.

"या वयनी, जयभीम. अण्णासो चहा आणाय गेलाय, येईल आत्ता."

"रोज येत्यात व्हय हितं?"

"चार वर्सं झाली की. ह्याच फळीवर बसतो." केरबानं हात फडक्याला पुसले. "तुम्हाला कळलंय म्हणाला, म्हणून सांगतो. पहिल्या पहिल्यांदा म्हणायचा, मला काय तर काम दे. पंप दिला हातात. एका चाकात हवा भरायची म्हटलं तर चार वेळा थांबायचा, एवढा दम लागायचा. मग मीच म्हटलं, तू नुसता बस. बसायचा. त्या दाराकडं बघत ऱ्हायचा."

समोर आमची खोली. दाराला आता निळा रंग दिलाय, भाईर कुणाची तरी कापडं वाळत हुती. चौकटीवरचा माझ्या तारेचा खिळा मात्र तिथंच हाय. कुणी उपसला न्हाय.

"आणि साडेसात वाजलं की," केरबानं कोपऱ्यातल्या डब्याकडं बोट केलं, "ह्यातलं ग्रीस घ्यायचा आणि दोन्ही हातांना चोळायचा. वाईच शर्टाला. मी म्हणायचो, कशाला रे, वयनींना धुवायला तरास. तर म्हणायचा, हात धुताना ती माझा हात हातात घेती, तेवढाच ओव्हरटाइम मिळतो मला."

मला तिथंच रडू फुटलं. रस्त्यावर, सायकलींच्या गराड्यात. ज्या ग्रीसला मी चार वर्सं शिव्या घातल्या, ते ग्रीस हा माणूस मुद्दाम लावून यायचा. केरबा बिचारा मान खाली घालून चाक फिरवत बसला.

मालक दोन ग्लास घेऊन आले आणि मला बघून उभेच ऱ्हायले. "अगं, तू?"

"बघत काय बसलाय? तिसरा चहा आणा जावा," मी म्हटलं. नऊ दिवसांत पहिलं बोललेलं वाक्य.

चहा पिऊन आम्ही त्या फळीवर अंधार पडेपर्यंत बसलो. विलास-मंगलचं पाकीट त्यांना आठवत हुतं. शेवटी त्यात एक फाटकी पाचची नोट ऱ्हायलीती, ती रॉकेलवाला घेईना, हे पण आठवत हुतं. मी म्हटलं, "आता बँकेतलं ऐका. पोस्टातल्या पैशाला हात लावायचा न्हाय. ते तुमच्या छातीचं पैसे हायत."

"आणि कागदं?"

"ऱ्हाऊ देत बँकेत. तिथं उंदीर लागत न्हाईत. दाराला पाटी माझ्याच आडनावाची हाय न्हवं?"

एवढं बोलले आणि चहाचे ग्लास उचलले.

पुढं दोन म्हैन्यांनी पेन्शन सुरू झाली. तीन हजार नऊशे बारा. हप्ता तीन हजार सातशे पन्नास. मी कागदावर लिहून परत परत बघितलं. ओव्हरटाइम बंद झाल्यावर कर्ज वेळेत फिटणार नव्हतंच; हप्ता पाच हजार चारशेच असता तर आम्ही आज पोस्टातलं मोडून खात असतो. ह्या माणसानं खोटं बोलून बोलून हप्ता बरोबर पेन्शनच्या मापात आणून ठेवलाता. हिशोब करून का आपोआप, ते मी इचारलं न्हाय. उरले एकशे बासष्ट. ते ह्यांनी नोटा सरळ करून माझ्या हातात दिले आणि मी तारेवरच्या एका नव्या पाकिटात घातले. घर चालवायला माझं पिको हाय.

त्या संध्याकाळी मी पाटावर बसले आणि पाय पुढं केले.

"हे काय?"

"चार वर्सं चेपल्यात मी. आता तुम्ही फेडा."

"किती दिवस?"

"कर्ज फिटेपर्यंत. साडेतीन वर्सं. रोज."

हे हसले. हसता हसता खोकला आला आणि लवकर थांबंना. मी पाणी दिलं, पाठ चोळली. दम परत आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "वाईच जादा भरून मुदत कमी करता येती का बघ की."

चौदा वर्सं मी त्या मुदतीच्या मागं लागलेते. तिच्यासाठी पोटाला चिमटा काढला, एकाच पांढऱ्या साडीवर बारा जयंत्या काढल्या.

"न्हाय," मी म्हटलं. "एक दिस पण कमी करून देणार न्हाय मी. सगळीच्या सगळी साडेतीन वर्सं पायजेत मला."

त्यांनी माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला.